विश्लेषण : व्यापाराने नोकरी दिली, मजुरी कोण ठरवणार? बांगलादेशातील वस्त्रोद्योग आणि महिला कामगारांचे भवितव्य

अमेरिकेने २०२५ मध्ये बांगलादेशावरील आयातशुल्काचा आकडा चार महिन्यांत तीनदा बदलला. एप्रिलमध्ये ३७ टक्के, जुलैमध्ये ३५ टक्के आणि ऑगस्टमध्ये २० टक्के. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या या निर्णयांची सर्वाधिक धास्ती होती ती ढाका, सावर, गाझीपूर आणि चितगावमधील शिवणयंत्रांवर बसलेल्या महिलांना. गेल्या साडेचार दशकांत जागतिक व्यापाराने या देशातील लाखो महिलांना घराबाहेर पगारी काम दिले. मात्र त्या कामाचा दाम, तास आणि आयुष्य यांविषयीचे बहुतेक निर्णय त्यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर होतात. हा उद्योग बांगलादेशात आला कसा, त्यातून महिलांना काय मिळाले, काय मिळाले नाही आणि आता त्यांचा वाटा घटत का आहे, याविषयी...

हा उद्योग बांगलादेशात आलाच कसा?

बांगलादेशात निर्यातक्षम कापूस जवळपास पिकत नाही. १९७१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची ओळख तागासाठी होती, तयार कपड्यांसाठी नव्हे. तरीही आज हा देश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. याचे मूळ एका व्यापार नियमात आहे.

विकसित देशांनी आपल्या कापड गिरण्या वाचवण्यासाठी १९७४ मध्ये ‘मल्टी-फायबर अरेंजमेंट’ हा करार लागू केला. कोणत्या देशातून किती कपडे आयात करायचे याचा कोटा त्यात ठरत असे. दक्षिण कोरिया, हाँगकाँग, तैवान यांसारख्या यशस्वी निर्यातदारांना त्यामुळे मर्यादा आल्या. जे देश कपडे निर्यातच करत नव्हते, त्यांच्यावर मात्र बंधन नव्हते. कोरियातील देवू कंपनी अशाच कोटामुक्त देशाच्या शोधात होती. माजी सनदी अधिकारी नुरुल कादर यांच्या ‘देश गारमेंट्स’शी तिने करार केला आणि १९७९ मध्ये चितगावच्या या कंपनीचे १३० कर्मचारी प्रशिक्षणासाठी कोरियातील बुसानला गेले. त्यांत काही महिलाही होत्या. परतल्यावर काही वर्षांतच त्यांच्यापैकी बहुतेकांनी नोकरी सोडली. कोणी स्वतःचे कारखाने काढले, तर कोणी इतरांच्या कारखान्यांत वरच्या पदांवर गेले. शिकलेले कौशल्य असे देशभर पसरले.

सरकारने दोन सोयी दिल्या. निर्यातीसाठी लागणारे कापड शुल्क न भरता आणून गोदामात ठेवण्याची मुभा मिळाली आणि परदेशी खरेदीदाराच्या पतपत्राच्या आधारे कच्च्या मालासाठी दुसरे पतपत्र उघडता येऊ लागले. हाती भांडवल नसलेल्या उद्योजकालाही त्यामुळे कारखाना सुरू करता आला. पुढे २००१ पासून युरोपीय संघाने अतिअविकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिला. कोटा पद्धत २००४ अखेर संपली तेव्हा बांगलादेशचा उद्योग चीनपुढे टिकणार नाही, असे अनेकांचे भाकीत होते. ते खोटे ठरले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात बांगलादेशने सुमारे ३९ अब्ज डॉलरचे तयार कपडे निर्यात केले. देशाच्या एकूण निर्यातीत त्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे आणि सुमारे ४० लाख लोक या उद्योगात काम करतात.

महिलाच का?

बंगालमध्ये शिंपीकाम हा पारंपरिकरीत्या पुरुषांचा व्यवसाय होता. ‘बायकांना शिवण उपजतच येते’ हे या उद्योगातील महिलांच्या संख्येचे स्पष्टीकरण त्यामुळे पुरेसे नाही. कारखानदारांनी महिलांना प्राधान्य दिले, कारण त्या कमी मजुरीवर मिळत होत्या, त्या संघटना करणार नाहीत आणि निमूट काम करतील असा समज होता. दक्षिण कोरियातील मासानचा निर्यात विभाग, मलेशियातील पेनांगचे इलेक्ट्रॉनिक्स कारखाने, मेक्सिकोच्या सीमेवरील जुळणी कारखाने या सर्व ठिकाणी आधी हेच घडले होते.

दुसरी बाजू महिलांच्या निवडीची आहे. १९७४ च्या दुष्काळानंतर ग्रामीण भागातील भूमिहीन कुटुंबांची अवस्था बिकट होती. शेतमजुरी किंवा शहरात घरकाम याखेरीज महिलांना पगारी काम नव्हते. कारखान्यातील नोकरीत ठरलेली वेळ होती, महिन्याचा पगार होता आणि सोबत गावाकडच्या इतर मुली होत्या. अर्थतज्ज्ञ नैला कबीर यांनी ढाका आणि लंडनमधील बांगलादेशी महिला कामगारांचा तौलनिक अभ्यास केला. त्यात एक अनपेक्षित विरोधाभास दिसला. पडद्याची रूढी असलेल्या ढाक्यात महिला घराबाहेर पडून कारखान्यात जात होत्या, तर लंडनमध्ये स्थायिक झालेल्या बांगलादेशी महिला घरीच बसून कपडे शिवत होत्या. रूढी अटळ नसते, बाहेर मिळणारे काम आणि भोवतालचा समाज यांनुसार ती वाकते, हे यातून दिसते.

जागतिक बँक आणि जागतिक व्यापार संघटनेच्या २०२० मधील संयुक्त अहवालानुसार विकसनशील देशांत निर्यात करणाऱ्या कंपन्यांच्या मनुष्यबळात महिलांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर निर्यात न करणाऱ्या कंपन्यांत सुमारे २४ टक्के आहे. म्हणजेच बांगलादेश हा अपवाद नाही, एका व्यापक प्रवाहाचे ठळक उदाहरण आहे.

नोकरीने महिलांच्या आयुष्यात काय बदलले?

राचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. त्यांनी ढाक्याच्या परिसरातील ६० गावांमधील सुमारे १,४०० कुटुंबांची पाहणी केली. काही गावे कारखान्यांच्या टप्प्यात होती, काही नव्हती. कारखान्यांजवळच्या गावांतील मुलींचे लग्न आणि पहिले बाळंतपण लांबणीवर पडल्याचे त्यात आढळले. या मुलींनी आपल्या भावांच्या तुलनेत सुमारे दीड वर्ष अधिक शिक्षण घेतले. कारखान्यातील कामासाठी अक्षरओळख, आकडेमोड उपयोगी पडते, हे दिसल्यावर पालकांनी लहान मुलींना शाळेत ठेवले. मात्र सतरा-अठरा वर्षांच्या काही मुलींनी नोकरीसाठी शाळा सोडल्याचेही याच अभ्यासात नोंदले आहे.

पगाराचा मार्गही बदलला. करोनाकाळात २०२० मध्ये बांगलादेश सरकारने निर्यात उद्योगासाठी ५,००० कोटी टाकांचे साह्य जाहीर केले आणि मजुरी थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाइल खात्यात जमा करण्याची अट घातली. लाखो महिलांच्या नावावर त्यामुळे पहिल्यांदा खाते उघडले गेले. खाते तिच्या नावावर आणि मोबाइल मात्र घरातील पुरुषाच्या हाती, अशीही उदाहरणे आहेत. तरीही रोख पाकिटाच्या तुलनेत हा बदल मोठा होता.

याची किंमतही आहे. दिवसभर एकाच जागी मान खाली घालून बसणे, डोळ्यांवर ताण, शौचालयात जाण्यासाठीही परवानगी, पर्यवेक्षकांची शिवीगाळ या तक्रारी जुन्या आहेत. पस्तिशी ओलांडलेल्या महिला कारखान्यात फार दिसत नाहीत. सोळा आठवड्यांची प्रसूती रजा आणि ४० किंवा अधिक महिला असतील तिथे पाळणाघर अशी तरतूद २००६ च्या कामगार कायद्यात होती. पण मूल गावी आजीकडे ठेवून शहरात नोकरी करणाऱ्या मातांची संख्या मोठी आहे.

मजुरी नेमकी ठरते कशी?

युरोप-अमेरिकेतील नाममुद्रेची कंपनी स्वतः कारखाना चालवत नाही. ती कपड्याचा नमुना, संख्या, मुदत आणि लक्ष्य किंमत ठरवते आणि अनेक पुरवठादारांकडून दर मागवते. कापड, बटणे, चेन, वाहतूक यांचे दर बाजारात ठरतात. त्यांत कारखानदाराला फारशी घासाघीस करता येत नाही. त्याच्या हाती उरतो तो कापणी आणि शिलाईचा खर्च, म्हणजे मुख्यतः मजुरी.

शिलाईचा हिशेब मिनिटांत होतो. प्रत्येक कपड्यासाठी किती ‘प्रमाणित मिनिटे’ लागतील हे आधी काढले जाते. समजा एका टी-शर्टसाठी ६ मिनिटे धरली आणि एका ‘लाइन’वर ४० महिला आहेत. शंभर टक्के कार्यक्षमतेने तासाला ४०० शर्ट तयार होतील. प्रत्यक्षात ६० टक्के कार्यक्षमता असेल तर २४०. आता खरेदीदाराने दर कमी केला, तर कारखानदारापुढे दोन मार्ग असतात. नवी यंत्रे, चांगली मांडणी, प्रशिक्षण यांतून कार्यक्षमता वाढवणे, हा एक. लाइनच्या टोकाला असलेल्या फलकावर २४० ऐवजी २८० लिहिणे, हा दुसरा. पहिल्याला भांडवल आणि वेळ लागतो, दुसऱ्याला खडू. तासाचे लक्ष्य पूर्ण झाले नाही तर जादा वेळ थांबावे लागते आणि पर्यवेक्षकाचा आवाज चढतो. दूरच्या कार्यालयातील खरेदी धोरण आणि कारखान्यातील शिवीगाळ यांचा संबंध असा आहे.

किमान वेतनाचा इतिहासही बोलका आहे. १९९४ मध्ये ते महिना ९३० टाका होते. पुढील १२ वर्षे, म्हणजे निर्यात सर्वाधिक वेगाने वाढत असतानाही, त्यात बदल झाला नाही. २००६ मध्ये १,६६२ टाका, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,००० आणि १ डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टाका असे ते वाढत गेले. जवळपास प्रत्येक वाढीआधी मोठे आंदोलन किंवा मोठी दुर्घटना घडली आहे. २०२३ मध्ये कामगार संघटनांची मागणी २३,००० टाकांची होती. त्या आंदोलनात किमान चार कामगारांचा मृत्यू झाला.

या १२,५०० टाकांच्या रचनेत एक मेख आहे. त्यातील मूळ वेतन फक्त ६,७०० टाका आहे. उरलेले ५,८०० टाका घरभाडे, औषधोपचार, प्रवास आणि जेवण भत्ता म्हणून दिले जातात. जादा वेळेचा मोबदला कायद्याने ‘दुप्पट’ असला, तरी तो मूळ वेतनाच्या दुप्पट असतो. महिन्याचे २६ दिवस आणि रोज ८ तास, म्हणजे २०८ तास धरले तर एकूण वेतनाचा दर तासाला सुमारे ६० टाका येतो. जादा वेळेचा ‘दुप्पट’ दर येतो सुमारे ६४ टाका. म्हणजे रात्री थांबून केलेल्या कामासाठी तासाला जेमतेम ४ टाका अधिक मिळतात. जादा काम करून घेणे कारखान्यांना परवडते, याचे एक कारण या हिशेबात आहे. तरीही अनेक महिलांचे घर चालते ते या जादा तासांवरच.

राणा प्लाझाने काय बदलले?

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्सच्या कारखान्याला लागलेल्या आगीत किमान ११२ कामगार दगावले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, सावरमधील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे अडीच हजार जखमी झाले. मृतांत महिला बहुसंख्य होत्या. आदल्या दिवशीच इमारतीला तडे गेल्याचे दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या पाच कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. न आल्यास पगार कापण्याची भीती घालण्यात आली होती. बँकेच्या कर्मचाऱ्यांना नाही म्हणता आले आणि शिवणकाम करणाऱ्या महिलांना नाही म्हणता आले नाही, हा त्या दुर्घटनेतील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

यानंतर मे २०१३ मध्ये ‘अकॉर्ड’ हा करार झाला. दोनशेहून अधिक, प्रामुख्याने युरोपीय, कंपन्या आणि कामगार संघटना त्यात सहभागी होत्या. आधीच्या ऐच्छिक आचारसंहितांपेक्षा तो वेगळा होता, कारण त्यावर सही करणाऱ्या कंपनीवर तो कायदेशीररीत्या बंधनकारक होता. सोळाशेहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, तपासणी अहवाल जाहीर करण्यात आले, दुरुस्ती न करणाऱ्यांचे काम बंद झाले. विजेच्या तारा, अग्निरोधक दरवाजे, इमारतींचे खांब यांत दिसणारी सुधारणा झाली. त्याच प्रमाणात मोठी दुर्घटना या निर्यात कारखान्यांत पुन्हा घडलेली नाही.

मात्र अकॉर्डचा भर इमारतींच्या सुरक्षिततेवर होता. मजुरी आणि खरेदीचा दर हे विषय त्याच्या कक्षेबाहेर राहिले. संघटना नोंदवण्यासाठी कारखान्यातील ३० टक्के कामगारांच्या संमतीची अट होती, ती २०१८ मध्ये २० टक्क्यांवर आली. हजारो कामगारांच्या कारखान्यात एवढ्या सह्या मालकाच्या नजरेआड गोळा करणे सोपे नव्हते. बांगलादेशने नोव्हेंबर २०२५ मध्ये कामाच्या ठिकाणी होणारा हिंसाचार आणि छळ रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कराराला अनुमोदन दिले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याची अंमलबजावणी कारखान्याच्या लाइनपर्यंत पोहोचते का, ते महत्त्वाचे.

खरेदी थांबवणे हा उपाय आहे का?

शोषणाच्या बातम्या आल्या की श्रीमंत देशांत बहिष्काराची मागणी होते. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालकामगारांनी तयार केलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले होते. ते मंजूरही झाले नाही. पण त्याच्या धास्तीने १९९३ मध्ये बांगलादेशातील कारखान्यांनी अंदाजे ५० हजार मुलांना, ज्यांत बहुसंख्य मुली होत्या, काढून टाकले. यातील अनेक मुले शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक धोकादायक कामांत, तर काही देहविक्रयात ढकलली गेल्याचे ‘युनिसेफ’ने १९९७ च्या अहवालात नमूद केले. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. मुलांसाठी शाळा आणि विद्यावेतनाची सोय त्यातून झाली. ती आधी झाली असती, तर बरेच टळले असते.

ऑर्डर अचानक थांबल्यावर काय होते, हे २०२० मध्येही दिसले. करोनामुळे युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली आणि अनेक कंपन्यांनी तयार होत आलेल्या, काहींनी तर तयार झालेल्या मालाचीही ऑर्डर रद्द केली. बांगलादेशातील कारखानदार संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डर रद्द किंवा स्थगित झाल्या. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या पाहणीनुसार मार्च २०२० अखेर दहा लाखांहून अधिक कामगारांना कामावरून कमी करण्यात आले किंवा तात्पुरते घरी बसवण्यात आले. कापड कारखानदाराने उधारीवर घेतलेले, मजुरी त्याने द्यायची आणि पैसे माल पोहोचल्यावर मिळणार, अशी या व्यवहाराची रचना आहे. धोका साखळीत खाली सरकत जातो आणि सर्वांत खाली शिवणारी बाई असते.

आफ्रिकेतील इथिओपियात हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. अमेरिकेच्या शुल्कमुक्त सवलतीच्या भरवशावर हवासा येथे मोठे वस्त्रोद्योग संकुल उभे राहिले आणि हजारो तरुणी तिथे कामाला लागल्या. टिग्राय प्रांतातील युद्धात मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे कारण देत अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून ही सवलत काढून घेतली. एका मोठ्या अमेरिकी कंपनीने त्याआधीच तेथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. युद्ध करणारे सरकार होते, नोकरी गेली ती त्या तरुणींची.

महिलांचा वाटा का घटत आहे?

एकेकाळी या उद्योगातील ८० टक्के कामगार महिला असल्याचे सांगितले जाई. अलीकडच्या पाहण्यांत हे प्रमाण ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास आढळते. निर्यात वाढत असताना महिलांचे प्रमाण घटणे ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. याची काही कारणे तांत्रिक आहेत. धागा कापणे, कपडा उचलून देणे, घडी घालणे ही मदतनीसांची कामे अर्धस्वयंचलित यंत्रांकडे गेली आहेत आणि ती प्रामुख्याने महिलांची होती. नवे यंत्र आले की त्याचे प्रशिक्षण बहुधा पुरुषांना मिळते. विणलेल्या लोकरी कपड्यांच्या कारखान्यांत आधीपासून पुरुषांचे प्रमाण अधिक आहे.

काही कारणे घराची आहेत. किमान वेतन वाढले तसे हे काम पुरुषांनाही आकर्षक वाटू लागले. दुसरीकडे मूल झाल्यावर जादा वेळ थांबणे महिलेला शक्य होत नाही आणि जादा वेळेशिवाय नोकरी टिकत नाही. पर्यवेक्षकाच्या पदावर बढती मिळणाऱ्या महिला तर अगदीच थोड्या.

मुंबईच्या गिरण्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी अनुभवले आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे एकपंचमांश कामगार महिला होत्या आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करत. पुढे नवी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या. महिलांना रात्रपाळीची बंदी होती आणि १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याचा खर्च मालकांवर होता. संरक्षणाचे कायदे आवश्यकच होते. परंतु त्यांचा भार एकट्या मालकावर आणि तोही केवळ महिलांच्या नावाने पडल्याने महिला ठेवणे मालकांना ‘महाग’ वाटू लागले. काही दशकांत गिरणी कामगार म्हणजे पुरुष, हेच चित्र रूढ झाले.

शुल्क आणि दर्जाबदल यांचा परिणाम काय?

अमेरिका बांगलादेशच्या तयार कपड्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा घेते आणि तिथे या कपड्यांना कधीच शुल्कमुक्त प्रवेश नव्हता. २०२५ पूर्वी अमेरिकेचे सर्व वस्तूंवरील सरासरी आयातशुल्क ३ टक्क्यांच्या आसपास होते, तयार कपड्यांवर मात्र ते १५ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे गरीब देशांतील महिला जी वस्तू सर्वाधिक तयार करतात, तिच्यावरच शुल्क अधिक होते. २०२५ मधील शुल्क त्यावर आणखी चढवण्यात आले.

दुसरा बदल अधिक दूरगामी आहे. बांगलादेशने अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. प्रगतीची ही पावती आहे, पण तिच्यासोबत सवलती जातात. सुमारे निम्मे कपडे खरेदी करणाऱ्या युरोपीय संघाने शुल्कमुक्त प्रवेश आणखी तीन वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत, चालू ठेवण्याचे मान्य केले आहे. त्यानंतर दुसरी सवलत योजना न मिळाल्यास तयार कपड्यांवर १० टक्क्यांच्या आसपास शुल्क लागू शकते. बांगलादेशी उद्योजकांनी मुदतवाढीची मागणी लावून धरली ती याच कारणाने. व्हिएतनामचा युरोपशी मुक्त व्यापार करार आहे. त्या स्पर्धेत १० टक्के कोण सोसणार, हा प्रश्न आहे. खरेदीदार सोसणार नसेल आणि कारखानदाराला शक्य नसेल, तर पुन्हा फलकावरचा आकडा वाढेल.

भारताने आणि महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले तेव्हा तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये हीच अनिश्चितता दिसली. तेथील कामगारांतही महिलांची संख्या मोठी आहे. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात भारतीय कपड्यांना शुल्कमुक्त प्रवेशाची तरतूद आहे. बांगलादेशला तो आधीपासून मिळत होता. केंद्राच्या ‘पीएम मित्र’ योजनेतील सात वस्त्रोद्योग पार्कपैकी एक अमरावतीत होत असून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. विदर्भातील कापूस, तेथेच सूत, कापड आणि कपडे अशी कल्पना आहे. शिवण कारखाने आले तर रोजगाराचा मोठा भाग महिलांना मिळू शकतो.

त्यासाठी ढाक्याचे चार धडे आधीच लक्षात घेता येतील. कारखान्याजवळ परवडणारी आणि सुरक्षित निवासव्यवस्था हवी. पाळणाघर कागदावर नको, पाळीच्या वेळेत उघडे हवे. नव्या यंत्रांच्या प्रशिक्षणात महिलांचा ठरावीक वाटा हवा. आणि प्रसूती लाभाचा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून भागवला जायला हवा. नव्या कामगार संहितांनी महिलांना संमतीने रात्रपाळीची मुभा दिली आहे. ही संमती खरी असण्यासाठी नकार दिल्यावर नोकरी टिकण्याची खात्री लागते.

पुढे काय?

व्यापाराने बांगलादेशातील महिलांचे शोषणच केले, हे म्हणणे त्यांनी मिळवलेल्या शिक्षणाला, लांबलेल्या लग्नाला आणि हाती आलेल्या पगाराला नाकारते. व्यापार वाढला की महिलांचे प्रश्न आपोआप सुटतात, हे म्हणणे १२ वर्षे न बदललेल्या किमान वेतनाला आणि राणा प्लाझाच्या तड्यांना नाकारते. व्यापार नोकरी आणतो. ती नोकरी कशी असेल, हे देशातला कायदा, कामगारांची संघटना आणि खरेदीदारावरील बंधन या तीन गोष्टींवर ठरते. अकॉर्डच्या अनुभवाने दाखवले की खरेदीदारावर कायदेशीर बंधन आले की काही वर्षांत इमारती सुधारतात. तेच बंधन खरेदीच्या दराला, ऑर्डर रद्द करण्याच्या अटींना आणि मजुरीला लागू करणे ही पुढची पायरी आहे. युरोपातील पुरवठा साखळी कायद्यांची चर्चा त्या दिशेने सुरू झाली, पण तिला उद्योगांचा विरोधही तितकाच आहे.

यापुढील व्यापार करारांच्या वाटाघाटींत शुल्काच्या टक्केवारीइतकेच आणखी काही आकडे टेबलावर असायला हवेत. तासाचे लक्ष्य किती, जादा वेळेचा खरा दर किती, मूल झाल्यावर किती महिला कामावर परतल्या आणि पर्यवेक्षक किती झाल्या. निर्यात किती अब्ज डॉलरची झाली, हे दरवर्षी जाहीर होते. हे चार आकडे जाहीर होऊ लागले, तर तडे गेलेल्या इमारतीत जायला नकार देणे पुढच्या वेळी एखादीला शक्य होईल.